सायकल घेतली, टोपण सोडलं

सायकल घ्यायची असेल तर आधी ती एका हाताने उचलून पाहावी. दुकानदार गिअर दाखवतो, रंग दाखवतो, कंपनी सांगतो. ते सगळं नंतर. मी तीस वर्षं भाजी विकली आहे, माझ्या हाताला किलो कळतात. त्या दिवशी दुकानात मी सहा सायकली उचलल्या आणि सातवी उचलल्यावर म्हटलं, ही अकराच्या आत आहे. दुकानदाराने काट्यावर टांगली. पावणेअकरा भरली. तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलायला लागला.

त्याआधी त्याने मला विचारलं होतं, नातवासाठी पाहिजे का. मी म्हटलं, माझ्यासाठी. मग त्याने गुलाबी रंगाची, पुढे टोपली असलेली बायकांची सायकल ओढून आणली. मी म्हटलं, टोपल्या मी तीस वर्षं वाहिल्या, आता टोपली नको. ती वर टांगलेली काढ, मेंढ्याच्या शिंगासारखं हँडल आहे ती.

माझं वय सहासष्ट आहे. शिक्षण चौथी. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि मला कोणी पाठवलं नाही. ज्यांनी पाठवलं नाही ते मेले, आता कोणाला बोलणार. वाचता येतं, लिहिता येतं, तेवढ्यावर निभलं. नवऱ्याची काळी सायकल होती, चोवीस इंची. तिला दोन्ही बाजूंनी टोपल्या बांधून मी नागपुरात मानकापूरच्या गल्ल्यांमधून भाजी विकायची. जाताना भरलेली ढकलत न्यायची आणि माल संपला की रिकामी चालवत यायची. ते येणं मला आवडायचं. दिवसभरात तेवढंच आवडायचं.

मग गुडघे धरले. मुलाने धंदा बंद करायला लावला. तो बुटीबोरीला कारखान्यात आहे, सुपरवायझर आहे, आता आईने भाजी विकलेली त्याला नको होती. तो तसं म्हणाला नाही, गुडघ्याचं नाव घेतलं. दोन वर्षं मी फाटकाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून काढली. गुडघे सुधारले नाहीत, उलट आखडले. डॉक्टरांनी सायकल चालवा म्हणून सांगितलं, तर मुलाने घरात ठेवायची आणली, जागच्या जागी फिरणारी. अर्धा तास पाय मारायचे आणि समोर भिंत. मी आठ दिवस मारले. मग सून तिच्यावर टॉवेल वाळत घालायला लागली आणि मी काही बोलले नाही. त्या यंत्राचा तेवढाच उपयोग झाला.

भाजीच्या धंद्यातले पैसे माझ्या बँकेत होते. मी कोणाला न विचारता रस्त्यावर पळणारी सायकल घ्यायला गेले.

माप घेताना गंमत झाली. दुकानदाराला माझ्या पायाची आतली उंची हवी होती. त्यासाठी एक जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये वर दाबून धरतात आणि तिथून जमिनीपर्यंत टेप लावतात. तो पुस्तक हातात घेऊन उभा राहिला, लाल झाला. मी पुस्तक हिसकून घेतलं आणि स्वतः धरलं. माझं माप सगळ्यात लहान निघालं. ब्रेकपर्यंत बोटं पोचतात का, हे हँडल धरून पाहिलं. पोचत नव्हती, त्याने स्क्रू फिरवून ब्रेक जवळ आणला. सीट त्याने उशीसारखी रुंद लावून दिली. मी गल्लीत चार फेऱ्या मारल्या, मांड्या घासल्या. म्हटलं, ती अरुंद आणि कडक लाव. तो म्हणाला, मावशी, दुखेल. मी म्हटलं, दुखू दे, घासायला नको. यात मी बरोबर होते.

टायर फार बारीक घेतले नाहीत. नागपुरात आता सगळे सिमेंटचे रस्ते आहेत आणि त्यांच्या सांध्यात बारीक चाक अडकतं. पेडलला खटकन अडकणारे बूट त्याने दाखवले. अशा बुटांनी पेडल मारायला जोर मिळतो पण उतरून चालता येत नाही, बदकासारखं चालावं लागतं. ते नाकारले आणि कॅनव्हासचे घेतले. हेल्मेट अंबाड्यावर बसेना, तर अंबाडा सोडून खाली वेणी घातली.

कपड्यांवर थोडी बोलाचाली झाली. या सायकलीला मध्ये आडवी दांडी असते, साडी चालत नाही. मी मुलाची जुनी ट्रॅक पँट घालायचं ठरवलं होतं. दुकानदाराला कल्पना सुचली की मी नऊवारी नेसून, काष्टा मारून सायकलीवर बसावं, तो फोटो दुकानात लावेल, मोबाइलवर टाकेल आणि मला मोठी सूट देईल.

मी म्हटलं, "मी काय सर्कशीतली आहो का? नऊवारी माझ्या मायनं नेसली, शेताच्या धुऱ्यावर गवत कापायले. मी नाही नेसत."

"लोकांना आवडते मावशी."

"लोकायले आवडते म्हणून तू नेस."

सूट गेली. आणि इथेच माझी चूक झाली, म्हणून ती नीट सांगते.

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. अर्धा किलो वांगी घेतली की बाई हात पुढे करते, सांबार टाक. फुकट. तीस वर्षांत एक गिऱ्हाइक असं आठवत नाही ज्याने हात पुढे केला नाही. त्यामुळे मी कालच्या उरलेल्या जुड्या पाण्यात बुडवून फुगवायची आणि पुढे ठेवायची. आजच्या ताज्या, लहान जुड्या मागे. फुकट घेणारी बाई नेहमी मोठी जुडी उचलते. चांगली उचलत नाही. हे मला जेवढं माहीत आहे तेवढं कोणाला माहीत नसेल.

तर सूट गेल्यावर मी दुकानदारापुढे हात केला. म्हटलं, वर काय देतोस. त्याने काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या. एक पाण्याची बाटली, चांगली मोठी, सायकलीला अडकवायच्या पिंजऱ्यासकट. दुसरं पितळेचं एक टोपण, हरभऱ्याच्या दाण्याहून थोडं मोठं. म्हणाला, दोनातलं एक घ्या, आणि माझं ऐकाल तर टोपण घ्या. या सायकलीच्या ट्यूबची नळी पेन्सिलच्या टोकाएवढी बारीक असते. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पाइपाचं तोंड मोटारसायकलच्या मापाचं. मध्ये हे टोपण लावलं तरच हवा जाते.

मला वाटलं, हा लहान वस्तू पुढे ढकलतो आहे आणि मोठी वाचवतो आहे. मी बाटली उचलली. हातपंप तरी घ्या म्हणाला. मी म्हटलं, नागपुरात दर चौकात पंक्चरवाला बसला आहे, पंप कशाला वाहू. तू जन्मला नव्हता तेव्हापासून मी सायकलीत हवा भरते. तो गप्प बसला. दुकानदार दोनदाच गप्प बसतो, माल खपल्यावर आणि गिऱ्हाइक मूर्ख आहे हे कळल्यावर. मला वाटलं पहिलं कारण आहे.

मुलगा संध्याकाळी घरी आला आणि अंगणात सायकल पाहून आधी विचारलं, कोण आलं आहे. माझी आहे म्हटल्यावर त्याने डोक्याला हात लावला. दोन दिवस घरात कोणी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवसापासून मी पहाटे निघायला लागले. सुरुवातीला कोराडी रोडने पाच किलोमीटर, मग दहा. आठवड्याला एकदा दुकानात जाऊन हवा भरून घ्यायची. ट्यूब बदलायला त्यानेच शिकवलं, दोन प्लास्टिकचे चमचे टायरखाली घालून. गुडघा पहिल्यांदा फार दुखला, मग कमी दुखायला लागला. जिने चढता यायला लागले. मुलाला ते दिसत होतं, पण त्याचं एकच म्हणणं होतं की मी ट्रकखाली जाणार. त्याची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. त्या रस्त्यावर वीज केंद्राच्या राखेचे ट्रक चालतात आणि ते म्हातारी पाहून हळू होत नाहीत.

महिनाभराने एका रात्री जेवताना तो म्हणाला, "असं करू. रविवारी खापरखेड्याले मावशीकडे जाऊन ये. एकटी. मले एकही फोन यायले नाही पाहिजे. आला फोन, का सायकल दुकानात वापस. नाही आला तर मी पुन्हा कधी बोलत नाही."

मी "हाव" म्हणून होकार दिला.

खापरखेड्याला माझी धाकटी बहीण राहते. तिचा नवरा वीज केंद्रात होता, निवृत्त झाल्यावर कॉलनीबाहेर घर बांधलं. आमच्या घरापासून सतरा किलोमीटर. जाणं काही कठीण गेलं नाही. पहाटेचा गारवा होता, वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर दुरून दिसत होता, त्याच्याकडे तोंड करून पाय मारत राहायचं. दीड तासाच्या आत पोचले. बहिणीने मला ट्रॅक पँटमध्ये पाहिलं आणि आधी दार लावून घेतलं, शेजारचे पाहतील म्हणून. मग तर्री पोहे दिले. खाताना सारखं म्हणत होती, बुढी झाली पण अक्कल नाही आली. मी पोहे दुसऱ्यांदा मागितले. निघाले तेव्हा आठ वाजून गेले होते. मार्च संपत आला होता, ऊन चढायला लागलं होतं.

परतताना महादुला गावाच्या अलीकडे मागचं चाक बसलं. ट्रकचे टायर फुटतात तेव्हा त्यातल्या तारा रस्त्यावर पडतात, केसाएवढ्या बारीक. त्यातली एक घुसली होती. मी घाबरले नाही. झाडाखाली बसून चाक काढलं, तार ओढून फेकली, सोबत ठेवलेली नवी ट्यूब घातली, टायर बसवलं. हात काळे झाले, पण काम चोख झालं. मग हवा भरायला चौकातल्या पंक्चरवाल्याकडे गेले.

त्याने नळी पाहिली आणि मान हलवली. "अम्मा, ये तो डॉक्टर की सुई है. इसमें मेरा पाइप नहीं बैठता."

मी म्हटलं, दाबून धर. त्याने धरलं. हवा सगळीकडे गेली, ट्यूबमध्ये सोडून. त्याने नळीला कापड गुंडाळून पाहिलं, तेही नाही. साधी ट्यूब घाल म्हटलं तर तिची जाड नळी रिमच्या भोकातून जाईना. तो म्हणाला, भोक मोठं करून देतो, आणि ड्रिल घ्यायला उठला. मी सायकल ओढून घेतली. पुढचा पंक्चरवाला रविवार म्हणून बंद. त्याच्या पुढच्याने तेच सांगितलं, फक्त सुईच्या जागी काडी म्हणाला.

घर तिथून आठ-नऊ किलोमीटर होतं. फोन खिशात होता. मुलाला करायचा नव्हता हे तर ठरलंच होतं. दुकानदाराचा नंबर होता, त्याला केला असता तर अट मोडली नसती, तो मोटारसायकलवर येऊन हवा भरून गेला असता. पण तो म्हणाला असता, मावशी, मी सांगितलं होतं. ते ऐकण्यापेक्षा चालणं बरं. मी चालायला लागले.

रिकामी सायकल ढकलणं म्हणजे काही काम नाही. आलू आणि कांद्याने भरलेली मी वर्षानुवर्षं ढकलली. पण तेव्हा गुडघे दुसरे होते. चालताना मी फुगवलेल्या जुड्यांचा विचार करत होते. ज्या बायकांना मी फसवलं त्यातली एकीही माझ्याएवढी मूर्ख नव्हती, कारण त्यांना युक्ती माहीत नव्हती. मला माहीत असून मी मोठी जुडी उचलली. एक मात्र बरं, ते अडकणारे बूट घेतले नव्हते.

दोन-तीन किलोमीटर चालले असेन, तेव्हा समोरून मुलाची स्कूटर आली. बहिणीने त्याला फोन केला होता, निघून किती वेळ झाला, पोचली का म्हणून. त्याने स्कूटर वळवून माझ्या बाजूला घेतली. दाढी केली नव्हती, पायात बाथरूमच्या चपला होत्या.

"फोन काहून नाही केला?"

"केला असता तर सायकल गेली असती."

"आता राहिली का मग? मले यावंच लागलं ना."

"मी नाही बोलावलं."

"मावशीनं बोलावलं."

"तर मावशीची सायकल वापस कर."

तो म्हणाला, स्कूटरवर बस, सायकलीसाठी टेम्पो बोलावतो. मी चालत राहिले. तो काही वेळ तिथेच थांबला, मग मागून आला. स्कूटर हळू चालवता येत नाही, सारखा पाय टेकवत, पुन्हा रेस करत माझ्या मागे मागे येत होता. लोक पाहायला लागले. एका रसवंतीवाल्याने त्याला विचारलं, काय झालं भाऊ. तो म्हणाला, "आईले विचारा." रसवंतीवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं नाही.

कोराडीचा नाका मागे टाकल्यावर मी थांबले. गुडघ्यासाठी थांबले, बोलायला नाही. पण थांबलेच होते म्हणून बोलले.

"तू स्कूटर घेतली तेव्हा मी तुले कुठं जाऊन यायले सांगितलं होतं?"

त्याने स्कूटर स्टँडवर लावली.

"पहिल्या महिन्यात दोनदा पडला. हात मोडून घेतला. मी स्कूटर दुकानात नेली का?"

"माझं हाड जुडलं. तुझं नाही जुडणार आता."

"नाही जुडलं तर नाही जुडलं. खुर्चीवर बसून गुडघा जुडला का दोन वर्षांत?"

"मग अट काहून मान्य केली तू?"

हा प्रश्न बरोबर होता. मला वाटेत तोच टोचत होता, टोपणापेक्षा जास्त. मी म्हटलं, "तिथंच चुकलं माझं. माझ्या पैशाची सायकल, माझे पाय, आणि मी तुले हाव म्हणून बसली. तू जिंकला म्हणायचं तर म्हण. मी हरली. पण सायकल दुकानात जाणार नाही. तुले न्यायची असल तर आत्ता ने, माझ्या हातातून."

त्याने हँडलकडे पाहिलं. माझे दोन्ही हात त्याच्यावर होते, तेलाने काळे झालेले. रस्त्यावरून दोन राखेचे ट्रक गेले, आम्ही दोघांनी तोंड फिरवलं. धुरळा बसल्यावर तो म्हणाला, "पाणी आहे का?"

घाईत निघाला होता, घोटभरही पिऊन आला नव्हता. मी बाटली काढून दिली. अर्धी भरलेली होती. त्याने सगळी संपवली, मला विचारलंही नाही, आणि उलटसुलट करून पाहिली.

"बाटली चांगली आहे."

"फुकटची आहे," मी म्हटलं.

तो हसला नाही. मीही नाही. पुढचे चार-पाच किलोमीटर मी चालत आले आणि तो मागून. टेम्पोचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. मानकापूरच्या चौकात त्याने स्कूटर आडवी लावून गाड्या थांबवल्या आणि मी सायकल पलीकडे नेली. घरी पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते.

गुडघा तीन दिवस भोपळ्यासारखा सुजला होता. मी सांगितलं नाही, त्याला दिसत होतंच. चौथ्या दिवशी मी सायकल ढकलत दुकानात गेले. दुकानदाराने मागचं चाक पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता पितळेचं टोपण काउंटरवर ठेवलं. त्याबद्दल मी त्याला माणूस मानते. किंमत सांगितली तेवढी मी दिली, घासाघीस केली नाही. हातपंपही घेतला. तो म्हणाला, वर काय देऊ मावशी. मी म्हटलं, काही नको.

टोपण एवढं लहान आहे की हरवायला वेळ लागत नाही. म्हणून काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं आहे. नवरा गेल्यापासून गळा रिकामाच होता. सुनेला ते बरं दिसत नाही. तिने सोन्याच्या साखळीत घाला म्हणून सुचवलं, मी म्हटलं, दोऱ्याला काय झालं.

सायकल अंगणात आहे. मी चालवते. गेल्या महिन्यात पारशिवनीच्या रस्त्याला लागले होते, अर्ध्यावरून परत आले, कारण ऊन झालं. मुलगा बुटीबोरीच्या बसला निघताना मी हेल्मेट बांधत असते. कुठे चालली, किती वाजता येशील, हे तो विचारत नाही. फाटकाजवळ थांबतो आणि म्हणतो, टोपण घेतलं का.

मी उत्तर देत नाही. गळ्यात आहे, दिसतं त्याला.